वारुळावरची अळंबी ओळखावी कशी?

प्रश्न : पावसाळ्यात गारगोटीच्या रानात अळंबी उगवते. खाण्याजोगी कोणती?

उत्तर : वारुळावरची अळंबी म्हणजे वाळवीने जोपासलेल्या टर्मिटोमायसिस बुरशीचं फळ. ती उपटू नका, हळू उकरा. देठ मुळासारखा खोल वारुळात जातो. टोपीच्या मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, गुलाबीसर भुकटी पडायला हवी. हिरवट पडली किंवा देठाच्या तळाशी पिशवी दिसली, तर फेकून द्या. या सगळ्या खुणा जुळल्या, तरी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ नका. लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडण्याची परीक्षा खोटी आहे. अमॅनिटा नावाच्या घातक अळंबीचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास 6 ते 24 तासांनी सुरू होतो. शंका आली, तर उरलेली अळंबी घेऊन लगेच दवाखाना गाठा.