टक्के, शततमक आणि गुणानुक्रम

परीक्षा देणारा विद्यार्थी आणि त्याला प्रवेश देणारी संस्था यांच्यामध्ये आज जी भाषा प्रचलित आहे, ती बहुसंख्य घरांना परकी आहे. परकी म्हणजे केवळ इंग्रजी नव्हे. इंग्रजी उत्तम जाणणारा पालकही तीत वाट चुकतो. कारण शब्द ओळखीचे असतात आणि अर्थ मात्र निराळे असतात. '९५' ही एक संख्या घ्यावी. शालान्त परीक्षेत ९५ टक्के गुण मिळवणाऱ्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात. त्याच मुलाला दोन वर्षांनी अभियांत्रिकीच्या 'जेईई मेन' या संयुक्त प्रवेश परीक्षेत '९५' मिळतात, तेव्हाही पेढे वाटले जातात. पुढे जागावाटपाच्या याद्या लागतात आणि घरात कोणी कोणाशी बोलेनासे होते.

घडलेले असते ते असे. पहिले ९५ हे टक्के होते, दुसरे ९५ हे पर्सेंटाइल. या दुसऱ्या शब्दाला शततमक असा मराठी प्रतिशब्द योजता येतो. टक्के हे विद्यार्थ्याचे प्रश्नपत्रिकेशी असलेले नाते सांगतात : शंभरपैकी किती गुण मिळाले. शततमक प्रश्नपत्रिकेविषयी काहीच सांगत नाही. ते विद्यार्थ्याचे इतर परीक्षार्थींशी असलेले नाते सांगते. परीक्षेस बसलेल्या दर शंभरांपैकी किती जणांना त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजेच ९५ शततमक मिळालेल्या मुलाच्या पुढे दर शंभरांत पाच जण आहेत. शंभरांच्या वर्गात पाच ही संख्या नगण्य होय. परंतु २०२४ साली जेईई मेन देणाऱ्यांची संख्या १४ लाखांच्या वर होती. १४ लाखांचे पाच टक्के म्हणजे ७० हजार. त्या वर्षी सर्व एनआयटी संस्थांतील जागा मिळून सुमारे २४ हजार होत्या. हा एक गुणाकार निकालाच्या दिवशीच केला असता, तर पेढ्यांचा नसला तरी पुढच्या धक्क्याचा प्रश्न मिटला असता.

अशी अवघड मोजणी स्वीकारण्यामागे कोणाची लहर नाही. ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस व दिवसातून दोन पाळ्यांत घेतली जाते. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका निराळी असते, आणि दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या कठीण कोणालाही काढता येत नाहीत. सकाळची पत्रिका सोपी निघाली आणि दुपारची कठीण, तर ३०० पैकी सकाळचे १८० आणि दुपारचे १५० गुण एकाच योग्यतेचे असू शकतात. म्हणून प्रत्येक पाळीतील विद्यार्थ्यांची तुलना त्याच पाळीतील विद्यार्थ्यांशी केली जाते. या क्रियेला 'नॉर्मलायझेशन' अथवा सामान्यीकरण म्हणतात. तिचा पाया एका गृहीतकावर आहे : विद्यार्थी निरनिराळ्या पाळ्यांत कोणताही भेद न करता वाटले गेले, तर प्रत्येक पाळीतील समूहाची सरासरी कुवत सारखीच असणार. गृहीतक वाजवी आहे. तथापि समान शततमके टाळण्यासाठी निकालात दशांश चिन्हानंतर सात अंक दिले जातात, आणि इतक्या सूक्ष्म फरकाला दोन मुलांच्या ज्ञानातील फरक समजणे हे मात्र अतिरेकाचे आहे.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत हाच शब्द उलट दिशेने फसवतो. तेथे खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची मर्यादा ५० शततमक आहे. पुष्कळ पालक तिचा अर्थ '५० टक्के गुण' असा घेतात. प्रत्यक्षात २०२२ साली ही मर्यादा ७२० पैकी ११७ गुणांवर आली. म्हणजे सोळा टक्क्यांच्या किंचित वर. २०२३ साली ती १३७ होती. आणि 'पात्र' या शब्दाने तरी काय मिळते? २०२३ मध्ये ११ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. देशभरातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. पात्रता हे रांगेत उभे राहण्याचे परवानापत्र आहे. जागा ठरते ती गुणानुक्रमाने, अर्थात 'रँक'ने. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी तर २०२३ साली जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून ही मर्यादा शून्य शततमकावर आणण्यात आली होती.

'कट-ऑफ' हा शब्दही असाच. ती आधी ठरवलेली अट आहे, असे समजले जाते. वस्तुतः अनेक ठिकाणी तो जागा भरून झाल्यावर उरलेला ठसा असतो : शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचा क्रमांक. म्हणून गतवर्षीचा कट-ऑफ हा अंदाज आहे, आश्वासन नव्हे. दिल्ली विद्यापीठाची जुनी पद्धत याला अपवाद होती. तेथे महाविद्यालये बारावीच्या गुणांची मर्यादा आधी जाहीर करीत, आणि २०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने वाणिज्येतर विद्यार्थ्यांसाठी ती १०० टक्के ठेवली, तेव्हा देशभर चर्चा झाली. २०२२ पासून हे प्रवेश 'सीयूईटी' या सामाईक परीक्षेवर होऊ लागले.

शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतील आकडे हा स्वतंत्र विषय आहे. 'आमचे इतके विद्यार्थी यशस्वी' या वाक्यात 'आमचे' हा शब्द तपासावा. कोणी दोन वर्षे वर्गात बसलेला असतो, तर कोणी केवळ सराव चाचण्या दिलेल्या असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्याच्या छायाचित्राबरोबर त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला हेही सांगणे आवश्यक आहे. फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी ती ओळ वाचावी.

यानंतर येते 'कौन्सेलिंग'. नावावरून कोणी जवळ बसवून सल्ला देईल असे वाटते. पण हे जागावाटप संगणक करतो. आयआयटी व एनआयटी यांच्यासाठी ते 'जोसा' या मंडळामार्फत होते. विद्यार्थ्याने पसंतीक्रम भरावयाचा असतो. 'मिळण्याजोगे' महाविद्यालय वर लिहावे, असा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. तो चुकीचा आहे. संगणक यादी वरून खाली वाचतो व क्रमांकानुसार शक्य ती सर्वांत वरची जागा देतो. वर लिहिलेली अशक्य जागा खालच्या शक्य जागेचे काहीही नुकसान करीत नाही. उलट, खालची जागा वर लिहिली तर तीच मिळते, आणि तिच्याखाली लिहिलेल्या अधिक आवडत्या जागेचा विचारच होत नाही.

जागा मिळाल्यावर तीन शब्द समोर येतात. 'फ्रीझ' म्हणजे हीच जागा पक्की, पुढील फेऱ्यांत भाग नाही. 'स्लाइड' म्हणजे संस्था हीच, पण यादीत वर लिहिलेली शाखा मिळाल्यास घेईन. 'फ्लोट' म्हणजे यादीत वर असलेली कोणत्याही संस्थेतील जागा मिळाल्यास घेईन. शेवटच्या दोन्हींत वरची जागा मिळताच आधीची आपोआप जाते व ती परत मागता येत नाही. तिन्हींपैकी कोणताही पर्याय निवडला, तरी मुदतीत स्वीकृती शुल्क भरावे लागते. 'फ्लोट'च तर करायचे आहे, मग आता पैसे कशाला, असे म्हणून जो थांबतो, त्याची मिळालेली जागा रद्द होते आणि पुढच्या फेऱ्यांच्या यादीत त्याचे नाव उरत नाही.