टर्कीची पिले भरवताना पोटाचे विकार कसे टाळावेत?

उंब्रज-मसूर पट्ट्यात ऊस कारखान्याला जाईपर्यंत पैसा अडकून राहतो. त्यामुळे परसातील जोडधंदा म्हणून कोंबडीबरोबर टर्कीकडेही काहींची नजर जाते. मोठी टर्की काटक असते, परंतु पिले पहिल्या आठवड्यातच दगावतात आणि घातलेले भांडवल जाते. तक्रार नेहमीची असते : "पिले खात नाहीत, आणि भरवली तर पोट फुगून मरतात." या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते.

टर्कीचे पिलू २८ दिवसांनी अंड्यातून बाहेर पडते. पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस काढते. त्याची नजर अधू असते, स्वभाव भित्रा असतो. समोर खाद्य असूनही ते चोच मारीत नाही. बलक संपतो आणि चौथ्या ते सातव्या दिवशी उपासमारीने मरतूक सुरू होते. म्हणून कोंबडीच्या पिलाला लागत नाही ती मेहनत येथे करावी लागते, म्हणजे हाताने भरवावे लागते.

भरवण्यापूर्वी ऊब पाहावी. पहिल्या आठवड्यात कृत्रिम दाईखाली (ब्रूडर) सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे ते दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावे. गारठलेल्या पिलाचे पोट चालत नाही. खाल्लेले अन्न मानेच्या बुडाशी असलेल्या अन्नपिशवीत साठते आणि तेथेच आंबते. हिवाळ्यात नदीकाठच्या गावांत पहाटेचा गारठा जबर असतो, त्यात वीज गेली की दाई थंड पडते. अशा वेळी कोळशाची शेगडी ठेवावी, मात्र धूर आणि कोंडलेली हवा राहू देऊ नये. पिले दाईखाली एकमेकांवर चढून बसली असतील तर आधी ऊब वाढवावी. भरवण्याचे नंतर पाहावे.

एक लिटर पाण्यात १०० मिली दूध आणि दर दहा पिलांमागे एक कडक उकडलेले, बारीक कुस्करलेले अंडे, असे १५ दिवसांपर्यंत द्यावे. दूध जास्त घातले तर पिले बाळसे धरतील, ही समजूत चुकीची आहे. दुधातील साखर पक्ष्यांना नीट पचत नाही, त्यामुळे निरसे दूध पाजले की हगवण लागते. दुधाचे पाणी उन्हाळ्यात लवकर नासते, म्हणून ते थोडे थोडे करावे व भांडे प्रत्येक वेळी घासावे.

पिलाची चोच पाण्यात हलकेच बुडवावी, अंड्याचा कण चोचीच्या टोकाला लावावा. बहुतेक पिले एवढ्याने शिकतात. अगदीच सुस्त पिलाला ड्रॉपरने कोमट थेंब चोचीच्या कडेने द्यावेत. पिचकारी घशात रिकामी करू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडते. पाणी तिकडे गेले तर पिलू तेथेच दगावते.

प्रत्येक वेळी भरवण्याआधी बोटाने अन्नपिशवी चाचपावी. ती रिकामी असेल तरच भरवावे. आधीचे अन्न तसेच असताना वरून भरणे, ही आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पिशवी पाण्याने डबडबलेली असून तोंडाला आंबूस वास येत असेल, तर पुढचे भरवणे थांबवावे, ऊब द्यावी व थोडे कोमट पाणी द्यावे. पिलू उलटे धरून पिशवी पिळण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. दुकानातून आणलेली प्रतिजैविके दिवसेंदिवस पाजल्याने अन्नपिशवीत बुरशी वाढते व दुखणे लांबते.

पिशवी कडक गोळ्यासारखी लागली तर गादी तपासावी. आपल्याकडे पाचट फुकट मिळते म्हणून ते अंथरले जाते, पण पिले त्याचे तुकडे गिळतात आणि पिशवी तुंबते. भाताचे तूस बरे, तरी पहिला आठवडा त्यावर गोणपाट घालावे. गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नये, पाय फाकतात. टर्कीला हिरवा रंग आवडतो. खाद्यावर लसूणघास टाकल्यास पिले लवकर टिपू लागतात, पण तो अगदी बारीक चिरलेला असावा. लांब धागे पिशवीत गुंततात.

गुदद्वाराभोवती विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल, तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढावी आणि खोबरेल लावावे. ओढू नये. पोटावरची नाभीची खपली निराळी असते, तिला हात लावू नये.

खाद्यात पहिले चार आठवडे सुमारे २८ टक्के प्रथिने असावीत. कोंबडीच्या पिलांचे खाद्य त्यापेक्षा हलके असते. बुरस आलेला मका किंवा भुईमुगाची पेंड कधीही वापरू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की मेल्या. ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीतील बुरशी त्याला कारण होती, आणि अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच ओळखले गेले. पावसात भिजलेल्या शेंगांची पेंड स्वस्तात मिळते, पण ती पिलांना महाग पडते.

खायला शिकवण्यासाठी कोंबडीची पिले सोबत सोडा, असे जुने लोक सांगतात. त्यापेक्षा आठवडाभर वयाची, खायला लागलेली टर्कीचीच दोन पिले सोडावीत. कोंबडीच्या आतड्यातील जंतांच्या अंड्यांतून 'ब्लॅकहेड' रोगाचे जंतू टर्कीत येतात. गंधकासारखी पिवळी विष्ठा हे त्याचे लक्षण होय. तपकिरी, चिकट विष्ठा मधूनमधून दिसली तर मात्र घाबरू नये, ती नेहमीचीच असते.

दोन-तीन दिवसांत मरतूक थांबली नाही तर ताजी मेलेली पिले बर्फात ठेवून (गोठवून नव्हे) जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत. शवविच्छेदनाची सोय महामार्गावरच शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे. जाताना खाद्याचा पावशेर नमुना आणि गादीची मूठभर सामग्रीही सोबत न्यावी.