शेततळ्यातील अनोळखी जीव कसे ओळखावेत?



शेततळ्यात कटला, रोहू, मृगळाचे जिरे सोडल्यावर थोड्याच दिवसांत पाण्यात तऱ्हेतऱ्हेचे किडे दिसू लागतात. आपण ते सोडलेले नसतात. काही उडत येतात, काही पाणवनस्पतींना चिकटून, तर काही मत्स्यबीजाच्या पिशवीतूनच येतात. पुण्यातील काही हौशी मंडळी घरी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी ठेवतात, त्यांचाही अनुभव असाच आहे. शोभेसाठी ठेवलेल्या खडकाच्या भोकातून एक दिवस भलताच केसाळ कृमी डोकावतो. तेथे नुकसान झाले तरी दोन-चार माशांचे होईल. आपल्याकडे हंगामाचे बीज जाते. तरीही किडा दिसताच फवारणीचा पंप उचलू नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. आधी ओळख पटवावी.

त्यासाठी बारीक जाळीचे फडके काठाकाठाने व तळाशी फिरवावे. सापडलेले जीव पांढऱ्या थाळीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात सोडावेत आणि भिंगातून पाहावेत. प्रथम पाय मोजावेत. तीन जोड्या असतील तर तो कीटक होय. पाय नसले तर कृमी, जळू, गोगलगाय किंवा माशी-डासाची अळी असू शकते. त्यानंतर तो श्वास कसा घेतो ते पाहावे. हवेसाठी वारंवार वर येतो की तळाशीच राहतो, यावर पुढचा उपाय ठरतो, म्हणून येथे घाई करू नये.

दोन किड्यांत नेहमी गल्लत होते. दोघांचेही मागचे पाय वल्ह्यासारखे लांब असतात. त्यांपैकी जो पोट वर करून, पाठीवर पोहतो तो नोटोनेक्टा. हा शिकारी आहे. माशांच्या कोवळ्या पिलांना सोंड टोचून रस शोषतो, हाती धरल्यास आपल्यालाही डसतो. दुसरा सरळ पोहतो, त्याची पाठ चपटी असते. तो कोरिक्सा, बहुतेक करून शेवाळ व गाळातील कुजका भाग खाणारा. पहिल्यामुळे झालेल्या नुकसानीचा दोष अनेकदा दुसऱ्यावर येतो.

नोटोनेक्टा, पाणविंचू व पाण्यातील भुंगेरे हवेसाठी वर येतात. त्यामुळे संगोपन तळ्यात जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी तेल व साबणाचे मिश्रण शिंपडावे. हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल व १८ किलो साबण, म्हणजे गुंठ्यास सुमारे ५६० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण लागतो. वारा पडलेला असताना शिंपडावे, नाहीतर तवंग एका काठाला जमा होतो. मात्र चतुराच्या अळीवर याचा भरवसा धरू नये. ती पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेते. तोंडाखाली दुमडलेला, झटकन पुढे येणारा जबडा ही तिची खूण. ती जाळीनेच काढावी.

थाळीत टिचक्या मारत फिरणारे बारीक ठिपके दिसले तर ते बहुधा डॅफ्निया असतात. ते पिलांचे उत्तम खाद्य आहे, त्यांना मारू नये. तळाच्या गाळातील लालभडक अळ्या कायरोनोमस माशीच्या. त्या मासे आवडीने खातात, पण ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतात. माशाच्या अंगावर चपटी, पारदर्शक, सरकणारी चकती दिसली तर ती अरगुलस, म्हणजे माशाची ऊ. असा मासा लगेच वेगळा करावा.

कधी अगदीच न पाहिलेला जीव सापडतो. सह्याद्रीतील नद्यांत समुद्रातल्यासारखा जेलीफिश असेल असे कोणास वाटले असते? मूळचे मालवणचे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, पण त्यांना सातारा भागात गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. असे प्राणी तोवर आफ्रिकेतलेच मानले जात. कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयातील नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे वर्णन केले. लिम्नोक्निडा इंडिका हे त्याचे नाव. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था याच आघारकरांच्या नावाची आहे.

असा नमुना मिळाल्यास फेकू नये. जिवंतपणी त्याचा रंग व हालचाल टिपून घ्यावी, कारण स्पिरिटमध्ये रंग उडतो. मग तो स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा. गाव, तारीख व पाण्याची जागा पेन्सिलीने कागदावर लिहून चिठ्ठी आत टाकावी, शाई विरघळते. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा आकुर्डी येथील भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात तो दाखवावा.

अंगावर कडक खवल्यांचे चिलखत व खाली चोषक तोंड असलेला काळपट मासा मात्र जिवंत परत सोडू नये. तो सकर मासा, मूळ दक्षिण अमेरिकेतला, घरच्या काचेच्या टाक्यांतून सुटलेला. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांची जाळी फाडतो.