पायाखालचे लव्हाळे
मध्ययुगीन इंग्लंडमधील घरांच्या व किल्ल्यांच्या जमिनी

किल्ल्यातील प्रशस्त दालन, भिंतीवर ढाली-तलवारी आणि पायाखाली रंगीत गालिचा, असे मध्ययुगीन युरोपचे चित्र चित्रपटांनी रूढ केले आहे. त्यातील गालिचा बहुतेक ठिकाणी काढून टाकावा लागेल. इंग्लंडपुरते बोलावयाचे तर, त्या काळी मोठ्या सरदाराच्या दालनातही पायाखाली बहुधा लव्हाळे पसरलेले असत.

लव्हाळा ओढ्याकाठी व पाणथळ जागी विपुल उगवतो. तो कापून जमिनीवर पसरला म्हणजे ओल व गारठा थोपतो, जोड्यांचा चिखल शोषून घेतो आणि जुना झाला की बाहेर काढून टाकता येतो. हाच लव्हाळा सोलून त्याचा भेंडासारखा गाभा चरबीत बुडविला की गरिबांच्या घरचा दिवा होई. लव्हाळ्यांत सुवासिक वनस्पतीही मिसळीत. टॉमस टसर याने सोळाव्या शतकात शेतीवरील आपल्या पद्यग्रंथात जमिनीवर पसरावयाच्या २१ वनस्पतींची यादीच दिली आहे.

टॉमस बेकेट हा ११५५ मध्ये दुसऱ्या हेन्री राजाचा चान्सलर झाला. त्याचा चरित्रकार विल्यम फिट्झस्टीफन सांगतो, की बेकेटच्या दालनात हिवाळ्यात रोज ताजा पेंढा वा गवत आणि उन्हाळ्यात हिरवे लव्हाळे किंवा पाने पसरीत. बाकांवर जागा न मिळालेल्या सरदारांना आपली वस्त्रे न मळता खाली बसता यावे, हा त्यामागील हेतू. येथे ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोज बदलावयाचे म्हणजे रोज कापणारा, वाहणारा व झाडणारा माणूस हवा. चरित्रकाराने ही गोष्ट मुद्दाम नोंदविली, यावरूनच ती सर्वत्र घडत नसावी असे दिसते.

ती घडली नाही म्हणजे काय होई, ते डच विद्वान इरॅस्मस याने लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्डिनल वुल्झी याच्या वैद्यास लिहिलेल्या पत्रात त्याने इंग्रजांच्या घरांवर कडक टीका केली. जमिनी मातीच्या, वर लव्हाळे. नवे पसरतात ते जुन्यावरच, त्यामुळे तळचा थर कधी कधी २० वर्षे तसाच राहतो आणि त्यात थुंकी, ओकारी, कुत्र्यांचे व माणसांचे मूत्र, सांडलेली बिअर व माशांचे तुकडे कुजत असतात, अशी त्याची तक्रार होती. लव्हाळ्यांचा वापर बंद करावा व खोल्यांना मोकळी हवा मिळावी, असा उपायही त्याने सुचविला. इंग्लंडमधील रोगराईचा संबंध घराच्या जमिनीशी जोडणारे हे पत्र पुढे इतके प्रसिद्ध झाले, की साऱ्या मध्ययुगावरच घाणेरडेपणाचा शिक्का बसला.

तो शिक्का सरसकट मारणे न्याय्य नाही. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या ओसाड गावाचे उत्खनन १९५० ते १९९० या काळात झाले. तेथील काही शेतकरी घरांच्या जमिनी मध्यभागी बशीसारख्या खोलगट झिजलेल्या आढळल्या. वर्षानुवर्षे केरसुणी फिरविल्याने त्या झिजल्या असाव्यात, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. घरातील केर उकिरड्यावर जाई व तेथून खत म्हणून शेतात. त्यामुळे फुटक्या भांड्यांच्या खापऱ्या घरापेक्षा शेतातच अधिक सापडतात. पत्र लिहिणारा विद्वान या गरिबांच्या घरी गेला असण्याचा संभव थोडाच.

धनिकांपुढे अन्य मार्ग होते. तेराव्या शतकात राजवाड्यांत व मठांत नक्षीदार फरशी आली. तांबड्या मातीच्या ओल्या फरशीवर ठसा दाबावयाचा, खोलगट भागात पांढरी माती भरावयाची आणि वर चकाकी देऊन भट्टीत भाजावयाची, ही तिची रीत. सॉल्झबरीजवळील क्लॅरेंडन राजवाड्यात तिसऱ्या हेन्रीच्या राणीच्या दालनासाठी १२५० च्या सुमारास केलेली अशी फरसबंदी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

गालिचा मात्र लोकांच्या सहज पचनी पडला नाही. युवराज एडवर्डची पत्नी, कास्टीलची एलेनॉर, १२५५ मध्ये लंडनला आली, तेव्हा तिच्या निवासस्थानी भिंतींप्रमाणे जमिनीवरही मूल्यवान वस्त्रे अंथरली होती. हा स्पेनमधील रिवाज. पण लंडनकरांनी त्यास उधळपट्टी म्हणून नाके मुरडली, असे तत्कालीन इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस नोंदवितो. पुढे पूर्वेकडील गालिचे व्हेनिसमार्गे येऊ लागले. वर उल्लेखिलेल्या वुल्झीनेच १५२० मध्ये असे ६० गालिचे मिळविले. तरी इतकी महाग वस्तू पायदळी तुडविण्यापेक्षा मेजावर वा पेटाऱ्यावर घालण्याचीच चाल अधिक होती. होल्बाइनने १५३३ मध्ये रंगविलेल्या ‘राजदूत’ या चित्रात ती स्पष्ट दिसते. तुर्की गालिचा दोघा राजदूतांच्या मधील मांडणीवर आहे आणि त्यांच्या पायाखाली आहे ती वेस्टमिन्स्टर ॲबीतील १२६८ च्या फरसबंदीशी मिळतीजुळती दगडी नक्षी.