होडी उलटली तर काय करावे?

आपले गाव शास्त्री नदीच्या खाडीकाठी आहे. ही नदी सह्याद्रीत उगम पावते. संगमेश्वरला सोनवी नदी तिला मिळते आणि जयगडजवळ ती समुद्राला मिळते. आपल्यापैकी पुष्कळजण पाहुण्यांकडे होडीने जातात. म्हणून होडी का उलटते आणि उलटल्यावर काय करायचे, हे सर्वांना ठाऊक हवे.

होडी का उलटते? माणसे तळाशी बसली की होडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. मग ती डुलली तरी पुन्हा सरळ होते. कोणी उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो. त्यातच सगळे एका बाजूला सरकले तर काठ पाण्याला टेकतो आणि पाणी आत शिरते. ते पाणीही त्याच बाजूला धावते, आणि होडी पालथी होते.

आमचे असेच झाले. गेल्या मार्गशीर्षात कृष्ण अष्टमीला मी, बाबा, काका आणि दादा आत्याकडून परत येत होतो. आमचा कुत्रा मोत्याही होता. रात्रीचे आठ वाजले होते. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे मिट्ट काळोख होता. खाडीच्या मधोमध एक मासा उडाला. मोत्या भुंकत काठावर चढला. त्याला धरायला दादा आणि काका एकदम उठले. “अरे, बसा खाली!” बाबा ओरडले. पण तोवर आम्ही सगळे पाण्यात होतो.

बॅटरी बुडाली. काही दिसेना. बाबांचा आवाज आला, “होडी सोडू नका रे!” लाकूड पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून लाकडी होडी पालथी झाली तरी तरंगते. मी आणि काकांनी ती धरली. दादाची मात्र ओ येईना. त्याला पोहता येत नाही. बाबांनी तीनदा हाक मारली, तेव्हा पलीकडून खोकल्याचा आवाज आला. होडीला बांधलेला पाच लिटरचा रिकामा कॅन त्याच्या हाताला लागला होता. असा कॅन सुमारे ५ किलो वजन तोलून धरतो. आपले शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच, फक्त डोके वर ठेवायचे असते. तेवढ्याला कॅन पुरतो.

इतक्यात मोत्या पोहत आला आणि घाबरून दादाच्या खांद्यावर चढू लागला. दादा पुन्हा खाली जाऊ लागला. बाबा होडीला धरून सरकत तिकडे गेले, मागून मोत्याचा पट्टा धरला आणि त्याचे पुढचे पाय होडीच्या पाठीवर ठेवले.

काका म्हणाले, “दिवे जवळच दिसतायत, मी पोहत जाऊन माणसं आणतो.” बाबांनी त्यांना जाऊ दिले नाही. काळोखात दिवा जवळ वाटतो, पण अंतर कळत नाही. शिवाय ओहोटी लागली होती. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीचे ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. सहाला भरती झाली, म्हणजे आठला पाणी समुद्राकडे ओढत होते. अष्टमीला भांगाचे पाणी असते, ओढ कमी. पुनवेचे उधाण असते तर आम्ही फार दूर गेलो असतो.

मोत्या सारखा भुंकत होता. रात्री पाण्यालगतची हवा थंड असते. अशा हवेत आवाज खाली वळतो आणि लांबवर ऐकू जातो. धक्क्यावर जाळी शिवणाऱ्या माणसांनी भुंकणे ऐकले आणि त्या रोखाने होडी आणली. आधी त्यांनी दादाला वर घेतले, शेवटी मोत्याला.

लक्षात ठेवा :
१) होडीत उभे राहू नका. काही झाले तरी एकानेच हलावे, तेही बसूनच.
२) रिकामा कॅन किंवा लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी असावे.
३) होडी उलटली तर तिला धरून राहा. नावे घेऊन हाका मारा.
४) कुत्र्याला होडीच्या तळाशी, माणसाच्या पायांत बसवा. पाण्यात त्याला समोरून कवेत घेऊ नका.
५) बुडणाऱ्याकडे दोर किंवा कॅन फेका. एकट्याने उडी मारू नका.
६) काठावरच्या माणसाने ११२ नंबरला फोन करावा.

पालकांना विनंती की मुलांना पोहायला शिकवावे. दादा आता शिकतो आहे.

करून पहा : परातीत पाणी घेऊन वाटी तरंगवा. वाटीत मधोमध पाच खडे ठेवा. मग तेच खडे एका बाजूला सरकवा. काय होते?

सांगा पाहू : आज तिथी कोणती? आज भरती किती वाजता?

– इयत्ता सातवी