तू हट्टी नाहीस, उपाशी आहेस

मनू, आज अभ्यासाचं नाही, जेवणाचं बोलायचंय. ओरडणार नाही, बस इथे.

तू पहिल्यापासून काटेकोर. एक अक्षर खोडावं लागलं तरी अख्खं पान पुन्हा लिहायचीस. घरात कौतुकच व्हायचं त्याचं. आता तोच काटेकोरपणा ताटात उतरलाय. अर्धी पोळी, तिचे बारीक बारीक तुकडे, भाताला हात नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकही उपवास चुकत नाही आणि साबुदाण्याची खिचडीही नको. आजीला वाटतं, पोर किती श्रद्धाळू! मला मात्र धडकी भरते.

सगळं अचूकच हवं, चुकीची सतत धास्ती, अशा स्वभावाच्या मुलींना ॲनोरेक्सियाचा, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत जाण्याच्या आजाराचा, धोका जास्त असतो. भावनेच्या भरात चटकन काही करून बसणाऱ्या मुलींमध्ये बुलिमिया, म्हणजे भराभर खूप खाऊन ते उलटून टाकण्यासारखा आजार, अधिक दिसतो. स्वभाव म्हणजे आजार नव्हे गं. पण ॲनोरेक्सियाला नियम पाळणारी मुलगी आयती सापडते.

आणखी एक ऐक. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीझ यांनी 36 धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते स्वतःहून तयार झाले होते. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे शोधायचं होतं. या तरुणांपैकी कुणी बारीक व्हायला आलं नव्हतं. तरी ते चिडचिडे झाले, माणसं टाळू लागले, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. तू रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघतेस, केक करून सगळ्यांना वाढतेस नि स्वतः चाखत नाहीस, मैत्रिणींचे फोन घेत नाहीस. म्हणून ‘मी आहेच अशी’ म्हणालीस की मला पटत नाही. यातली तू किती आणि भूक किती, हे पोटभर जेवायला लागल्यावरच कळेल.

तुझी पाळी थांबलीय, केस गळताहेत, उभं राहिलं की चक्कर येते. हे अंगावर काढू नकोस. या आजारात हृदयावर परिणाम होतो, जीवसुद्धा जातो. आणि वेळेत उपचार मिळाले की मुली बऱ्याही होतात. आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी, ईसीजी; मग मानसोपचारतज्ज्ञ. तुझ्या वयाच्या मुलींच्या उपचारात बहुतेकदा काय नि किती जेवायचं ते सुरुवातीला आईबाबा ठरवतात. तुला हेच सगळ्यात जड जाणार, ठाऊक आहे मला. रात्री फारच घुसमटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 फिरव, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. किंवा मला उठव.

तुझ्या आईला आज रात्री सांगूया. तू बोल, मी शेजारी बसते. नाहीच जमलं तर मी सांगेन.