आधी शहानिशा

सूरह हुजुरात (४९) च्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, बेभरवशाचा मनुष्य एखादी बातमी घेऊन आला, तर आधी तिची शहानिशा करावी. अजाणतेपणी कुणावर आघात होऊन मागाहून पश्चात्तापाची वेळ येऊ नये. ही आयत आपण बहुधा अफवांच्या संदर्भात ऐकतो. जुम्याच्या बयानात मीही ती त्याच संदर्भात सांगत आलो आहे. परंतु बेभरवशाचा बातमीदार नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. आपले मनही बातम्या आणते, आणि त्या मात्र आपण बिनचौकशी स्वीकारतो.

या आयतीची पार्श्वभूमी भाष्यकार सांगतात, ती या दृष्टीने पाहावी. बनू मुस्तलिक जमातीकडे जकात आणण्यासाठी एक प्रतिनिधी पाठविण्यात आला. एका प्रसिद्ध निवेदनानुसार, लोक त्याच्या स्वागतासाठी वस्तीबाहेर आले. पण जुन्या वैरामुळे त्याला वाटले की, हे आपल्याला ठार मारण्यासच येत आहेत. तो वाटेतूनच परतला आणि त्यांनी जकात नाकारल्याचे त्याने सांगितले. शहानिशा झाली म्हणून निरपराध वस्तीवरील संकट टळले. यातील बारकावा असा की, डोळ्यांना दिसले ते खोटे नव्हते. लोक खरोखरच येत होते. भीतीने त्याचा जो अर्थ लावला, तो चुकीचा होता.

हिफ्ज करणारा एक चौदा वर्षांचा मुलगा ईशाच्या नमाजनंतर माझ्याकडे आला. दोन दिवस तो नीट जेवला नव्हता. म्हणाला, "हजरत, अल्लाह माझ्यावर नाराज आहे. माझ्या सीन्यातून त्याने कुरआन काढून घेतला. मला घरी पाठवा." मी तत्काळ म्हणालो, "तौबा कर. असा विचार मनात आणणेही गुनाह आहे." मुलगा गप्प झाला. मला वाटले, समजला. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावरील ओझ्यात मी आणखी एक धोंडा टाकला होता.

त्या रात्री सहीह मुस्लिममधील एक हदीस आठवली आणि मी खजील झालो. काही सहाबांनी पैगंबर (स.) यांना सांगितले की, मनात असे काही येते, जे उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. पैगंबरांनी त्यांना रागावले नाही. ती अस्वस्थता हीच ईमानची स्पष्ट खूण असल्याचे सांगितले. मनात आलेले, जोवर बोलले वा केले जात नाही, तोवर माफ आहे, असेही हदीसमध्ये आहे. मग विचार आला म्हणून मुलाला गुन्हेगार ठरविणारा मी कोण?

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी त्याला शेजारी बसविले आणि विचारले, "कुरआन काढून घेतला गेला, हे तुला कशावरून कळले?" आमोख्ता, म्हणजे मागील पाठाची उजळणी, ऐकविताना तीन चुका झाल्या होत्या. कुठे? मुशफ उघडून दोघांनी पाहिले. तिन्ही चुका मुतशाबिहातमध्ये, म्हणजे शब्दांनी एकमेकींशी मिळत्याजुळत्या आयतींमध्ये होत्या. तिथे भले भले हाफिजही एका सूरहतून दुसरीत जातात. त्याचे अकरा पारे झाले होते. मी विचारले, "चुका एका पाऱ्यात. मग बाकीचे दहा तुझ्यापाशी कसे राहिले?" त्याने प्रथमच मान वर केली. मग मी त्याला बुखारी व मुस्लिममधील हदीस सांगितली : जो अडखळत, कष्टाने कुरआन पढतो, त्याला दुहेरी पुण्य आहे. अडखळणे ही नाराजीची खूण असती, तर त्यावर पुण्य कशाला मिळाले असते?

शहानिशा म्हणजे गोड बोलून समजूत घालणे नव्हे. गणितात नापास झालेल्या मुलीला 'तू फार हुशार आहेस' म्हटले, तर ती ऐकून घेईल. विश्वास ठेवणार नाही. नापास झाली ही बातमी खरी आहे. अभ्यास कमी पडला असेल, तर तेही खरे मानावे. पण 'माझ्या हातून कधीच काही होणार नाही' हे विधान भविष्याविषयी आहे, आणि गैबचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. निराश मन नकळत तोच दावा करीत असते. तेवढे वेगळे काढून दाखविणे हे आपले, पालक-शिक्षकांचे काम.

मात्र एखादा विद्यार्थी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर ही चर्चा पुरेशी नाही. त्याला एकटे सोडू नये आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. 'नमाज पढ, बरे वाटेल' एवढे सांगून हात झटकू नयेत. उपचार घेण्याचा आदेश पैगंबरांचाच आहे.

दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर व मन यांच्या आरोग्यावरील ग्रंथात एक उपाय सुचविला आहे. घरात अवचित दुखण्यासाठी औषधे ठेवतात, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत. खळबळीच्या वेळी नवे सुचत नाही. ठेवलेले हाती येते. मी त्या मुलाला हे सांगितले, तेव्हा त्याने मुतशाबिहात उतरवून घेण्यासाठी केलेल्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहिले : 'दहा पारे अजून आहेत.' या महिन्यात त्याने तो आकडा खोडून चौदा केला आहे.